पुढचा ब्रेक दाबायची ताकद

रविवारी सकाळी आमच्याकडे बेळगावात मैदानावर जी पोरं येतात, त्यातल्या प्रत्येक फास्ट बॉलरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, शोल्डरला कुठला व्यायाम करू? स्पीड वाढवायचाय." दसऱ्यानंतर खानापूरकडचा एक पोरगा नव्यानं आला. त्यानं हाच प्रश्न विचारताना टी-शर्टची बाही वर सरकवून दंड दाखवला. दंड खरोखर चांगला होता. सहा महिने जिम चालू होती, एक दिवस छाती, एक दिवस बायसेप, पुन्हा छाती. मी त्याला पॅव्हेलियनच्या पायरीपाशी नेलं. म्हटलं, "डाव्या पायावर उभा राहा. उजवा पुढं हवेत धर. आता हळूहळू पायरीवर बस, आणि बसलास की त्याच पायावर ऊठ." तो निम्म्यापर्यंत गेला, गुडघा आत वळला आणि धपकन बसला. दुसऱ्यांदाही तेच. पोरं हसली, तोही हसला.

पण तो उजव्या हातानं टाकतो. म्हणजे प्रत्येक चेंडूला त्याचं सगळं अंग याच डाव्या पायावर येऊन आदळतं. ज्या पायाला स्वतःच्या वजनाला पायरीपर्यंत सावकाश उतरवता येत नाही, तो धावत आलेल्या वजनाला कसा थोपवणार?

वेग वाढवायचा तर ताकद लागते, यात वाद नाही. आपण ती शोधतो मात्र दंडात आणि खांद्यात. लागते ती थांबायला, थोपवायला. ही एक गोष्ट नीट कळली की जिममध्ये काय करायचं, तालमीतलं काय घ्यायचं, किती ओव्हर टाकायच्या, सगळं आपोआप जागेवर बसतं.

चेंडूला वेग देतं कोण?

उताराला सायकल सोडून, घाबरून, कधी नुसता पुढचा ब्रेक दाबलाय? पुढचं चाक जागच्या जागी अडतं, आणि सीट, कॅरिअर, बसलेला माणूस सगळं त्या चाकावरून पुढं भिरकावलं जातं. कोपर सोलवटून घेतलेल्या कुणालाही हे विज्ञान वेगळं शिकवावं लागत नाही. खालचा भाग अडला की वरचा भाग उसळी मारतो.

फास्ट बॉलिंग म्हणजे हाच अपघात, फक्त मुद्दाम घडवलेला. पंधरा-वीस पावलं पळून बॉलर अंगात वेग साठवतो, ताशी २० किलोमीटरच्या आसपास. मग शेवटच्या पावलाला पुढचा पाय क्रीजवर खांबासारखा रोवतो. पाय थांबतो, कंबर थांबायला लागते, छाती तिच्यावरून पुढं येते, मग खांदा, मग हात, सगळ्यात शेवटी मनगट. खालचा प्रत्येक भाग थांबता थांबता आपला वेग वरच्याच्या हवाली करतो. आसूड ओढताना मूठ झटक्यात आवरली की टोक कडाडतं, तसंच. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण चालवलेली म्हातारी माणसं आमच्या भागात अजून आहेत. त्यांचे दंड बघा, काटक्या. दगड मात्र तीन शेतं ओलांडून जायचा.

आता आकडे. पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत साधारण एक दशांश सेकंद जातो. पापणी लवायलाही एवढा वेळ लागतोच. तेवढ्या वेळात जमीन पायाला जो उलटा दणका देते, तो शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट भरतो. ७० किलोच्या पोराला सहा पट धरलं तर ४२० किलो. सिमेंटची आठ पोती, एका पायावर, क्षणभर का होईना. दहा ओव्हर टाकल्या तर साठ वेळा. नोबॉल आणि वाइड त्यात धरलेले नाहीत, आणि आमच्या पोरांचे वाइड धरले तर हिशेब बिघडेल.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात वेगवान गोलंदाजांच्या शरीरावर खुणा चिकटवून, कॅमेऱ्यांनी टिपून हा अभ्यास बारकाईनं झाला. जास्त वेगानं टाकणाऱ्यांत चार गोष्टी उठून दिसल्या: रनअपचा वेग जास्त, चेंडू सुटताना पुढचा गुडघा ताठ, पाय रोवल्यावर छातीचं पुढं झुकणं जास्त, आणि हात उशिरा येणारा. दंडाचा घेर या यादीत नाही. जसप्रीत बुमराचा आखूड रनअप बघून बऱ्याच पोरांना वाटतं, पळायची गरजच काय. त्याच्या पायांची पावलं मोजण्याऐवजी पुढचा गुडघा बघा, तो कसा खुंटीसारखा ताठ राहतो.

इथं एक सावधगिरी. हे वाचून कुणी कोच उद्या मैदानावर जाऊन "गुडघा वाकवू नको रे" असं ओरडायला लागला तर घात होईल. गुडघा वाकतो कारण पायाला तो भार पेलत नाही. वाकणं ही शरीरानं शोधलेली पळवाट आहे. ताकद न देता पळवाट बंद केली की दणका जातो कंबरेत. आधी पाय तयार करायचा. तो तयार झाला की गुडघा बऱ्याचदा न सांगता ताठ राहायला लागतो.

टाकी, नळ आणि राजहंसगडाची उतरण

जिममधले ट्रेनर "स्ट्रेंग्थ" आणि "पॉवर" असे दोन शब्द एका दमात म्हणतात. दोन्ही वेगळे आहेत.

स्ट्रेंग्थ म्हणजे किती जड हलवता येतं. मार्केट यार्डातला हमाल पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळी चढतो, त्याच्याकडे ती आहे. वेळेची घाई नसते, पोतं वर पोचलं की झालं. पॉवर म्हणजे ताकद गुणिले वेग, थोडक्या वेळात किती ताकद बाहेर काढता येते ते. स्नायूला पूर्ण जोर लावायला एक तृतीयांश सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. बॉलरच्या हाती आहे एक दशांश. म्हणजे तुमच्याकडे हमालाची ताकद असली तरी पाय रोवताना तिचा एक हिस्साच कामी येणार, बाकीची यायच्या आत चेंडू सुटलेला असतो.

घरावरची पाण्याची टाकी म्हणजे स्ट्रेंग्थ आणि नळाचं तोंड म्हणजे पॉवर असं मी पोरांना सांगतो. तोंड मोठं केलं आणि टाकीत बादलीभरच पाणी असलं तर काय उपयोग? टाकी भरलेली आणि नळ गंजून अडकलेला असेल तरी तेच. म्हणून आधी टाकी भरायची, मग नळ मोकळा करायचा. क्रम उलटा केलेली पोरं मला दरवर्षी भेटतात. मोबाइलवर कुणाच्या तरी उड्या बघून पहिल्याच दिवशी स्टुलावरून उड्या मारायला लागतात आणि पंधरा दिवसांत गुडघा धरून बसतात.

आणि तिसरी एक ताकद आहे, जिचं नाव कुणी घेत नाही. शहराजवळचा राजहंसगड किल्ला चढताना दम लागतो. उतरताना दम लागत नाही, पण मांड्या थरथरतात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कठड्याला धरून चालतो. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ताणला जाता जाता शरीराला धरून ठेवतो, म्हणजे ब्रेक लावत असतो. हे काम स्नायूला जास्त तोडतं आणि त्यामुळेच, सवय लावली तर, जास्त मजबूतही करतं. फास्ट बॉलरचा पुढचा पाय नेमकं हेच काम करतो, फक्त डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. म्हणून त्याच्या व्यायामात वजन वर नेण्याइतकंच ते खाली कसं आणतो याला महत्त्व आहे. जिममध्ये वजन दणकन खाली सोडणारा पोरगा निम्मा व्यायाम फुकट घालवतो.

वस्ताद म्हणाले, नवं काय आहे त्यात?

आमच्या पट्ट्यात व्यायाम म्हटलं की तालीम आधी आठवते. शहरात आनंदवाडीचा आखाडा, भोवताली येळ्ळूर, कडोली, कंग्राळी. जत्रेला कुस्त्यांचा फड नसेल तर जत्रा झाली असं कुणाला वाटत नाही. शहराच्या पश्चिमेकडच्या एका गावात मी अधूनमधून तालमीत जाऊन बसतो. तिथल्या वस्तादांनी सत्तरी ओलांडली आहे. माझ्या वहीतले व्यायाम त्यांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "बाळ, ह्यात नवं काय हाय? बैठका आमीबी मारतो की."

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. त्यांचं बरंचसं खरं आहे.

मुद्गल घ्या, म्हणजे तालमीतली जड लाकडी गदा. मुद्गल डोक्यामागून फिरवून पुढं आणायचा आणि सुटू न देता आवरायचा. खांद्याच्या मागचे छोटे स्नायू इथं ब्रेकचं काम करतात. बॉलरचा हात चेंडू सुटल्यावर आपोआप थांबत नाही, त्याला कुणीतरी थांबवावं लागतं, आणि ते हेच स्नायू. आपल्या कर्नाटकचा जवागल श्रीनाथ, कसोटीत २३६ बळी घेणारा, १९९७ साली खांद्याच्या दुखापतीनं आणि शस्त्रक्रियेनं बरेच महिने बाहेर बसला होता. खांद्याचा व्यायाम करायचाच तर तो पुढं ढकलण्याचा कमी आणि मागून आवरण्याचा जास्त हवा. मुद्गल नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीला बांधून हात बाहेरच्या बाजूला सावकाश ओढायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा.

दोर चढणं घ्या. पाठीचे दोन रुंद स्नायू, काखेतून कंबरेपर्यंत उतरणारे, वर गेलेल्या हाताला खाली खेचतात. चेंडू टाकताना हात वरून खाली येतो तो यांच्याच जोरावर. पोरं छातीमागे लागतात कारण आरशात छाती दिसते, पाठ दिसत नाही. फावड्यानं आखाड्याच्या हौद्यातली लाल माती खणणं तर माझ्या मते जिममधल्या निम्म्या यंत्रांना भारी आहे. कंबरेतून झुकणं, मांडीच्या मागच्या बाजूनं उठणं, पिळा देऊन माती बाजूला टाकणं, सगळं एकात.

मग कमी काय पडतं? बैठक. एका दमात पाचशे बैठका मारणारा पैलवान दमदार असतो यात शंका नाही. पण जे पाचशे वेळा करता येतं ते शरीराला हलकं असतं. त्यानं दम वाढतो, ताकदीची टाकी एका मर्यादेनंतर वाढत नाही. टाकी वाढवायला असं ओझं लागतं की पाच-सहा वेळा उचललं की सातव्यांदा नको वाटावं. हे मी वस्तादांना सांगितलं. ते हसले आणि तालमीतल्या एका पठ्ठ्याला हाक मारली. त्यानं जोडीदाराला खांद्यावर घेतलं आणि सहा बैठका मारून दाखवल्या. "ही बी हाय आमच्याकडं. पण क्रिकेटवाल्यांनी कधी इचारलं न्हाई." गप्प बसलो.

उरलेली कमतरता खरी आहे. कुस्तीत एका पायावर धावत येऊन आदळायचं नसतं, त्यामुळे तालमीत उड्या आणि आदळणं पेलण्याचा सराव फारसा नाही. आणि दोन सेटमध्ये, म्हणजे व्यायामाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये, तीन मिनिटं नुसतं उभं राहणं वस्तादांना आळस वाटतो. बॉलरला ती विश्रांती लागते, पुढं सांगतो.

नेमकं करायचं काय

पाया म्हणून स्क्वॉट आणि डेडलिफ्ट. स्क्वॉट म्हणजे वजन घेऊन मारलेली बैठक, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून ओझं पाठ न वाकवता उचलणं. पहिले दोन महिने फक्त पद्धत शिकायची, हलक्या वजनावर आठ-दहा वेळा. पद्धत बसली की वजन वाढवत चार-पाच वेळांवर यायचं, असे तीन ते पाच सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. मोठ्या, मुरलेल्या बॉलरसाठी बरेच प्रशिक्षक स्वतःच्या वजनाच्या दीडपट स्क्वॉट हे ध्येय धरतात. सोळा वर्षांच्या पोरानं त्या आकड्यामागं लागू नये.

मग एका पायाचे व्यायाम, आणि इथं वेळ घालवायचा. मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर बसणं. पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवणं, तीन आकडे मोजत. तोच तो पायरीचा खेळ ज्यात आमचा खानापूरचा पोरगा पडला. हातात वाळूची पिशवी घेऊन वाढवत न्यायचा. मांडीच्या मागच्या बाजूसाठी सगळ्यात चांगला व्यायाम फुकट आहे: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून जमेल तेवढं सावकाश पुढं झुकायचं. पहिल्या दिवशी चार पुरेत. दुसऱ्या दिवशी का ते कळेल. पोटरीही विसरू नका, रनअपचा सगळा भार तिच्यावर आणि टाचेच्या नसेवर असतो. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून वर-खाली करायचं, एका पायावर.

पोटाचे व्यायाम म्हणजे दोनशे क्रंच नव्हेत. बॉलरचं पोट वाकायला शिकण्यापेक्षा न वाकता राहायला शिकलं पाहिजे. आज्या एका कडेवर भरलेली घागर घेऊन विहिरीवरून घरापर्यंत ताठ चालत यायच्या. एका हातात वीस किलोचा डबा घ्या, दुसरा हात मोकळा, आणि खांदे सरळ ठेवून तीस पावलं चाला. कंबरेच्या दुसऱ्या बाजूला काय चाललंय ते जाणवेल. बरोबरीला आडवा प्लँक, म्हणजे कुशीवर कोपर टेकून अंग फळीसारखं सरळ धरणं, दोन्ही बाजूंना.

हे सगळं आठवड्यातून दोनदा. रोज नको.

टाकी थोडी भरली, म्हणजे दोन-तीन महिने झाले, की नळ उघडायचा. सुरुवात उडी मारण्यानं करायची नाही, उतरण्यानं करायची. फूटभर उंच पायरीवरून खाली पाऊल टाका, दोन्ही पायांवर उतरा आणि पुतळ्यासारखं थांबा. आवाज किती येतो ऐका. धप्प आवाज आला तर ब्रेक नीट लागला नाही. मांजर उतरतं तसा आवाज यायला लागला की एका पायावर, मग उतरल्या उतरल्या लगेच वर उडी. त्याबरोबर छोट्या जोरदार धावा, वीस मीटर, चढ असेल तर उत्तम. आणि फेक. जुन्या फुटबॉलमध्ये वाळू आणि भुसा भरून तीन किलोचा गोळा आमच्या पोरांनी बनवला. तो डोक्यावरून पुढं, बाजूनं कंबर फिरवून भिंतीवर, सगळा जोर लावून. भिंत स्वतःची बघा, शेजाऱ्यांची नको.

पॉवरच्या व्यायामाचा एकच नियम: वेग मंदावला की थांबायचं. पाच उड्या, मग दोन मिनिटं उभं राहायचं, मग पुन्हा पाच. घाम निथळला नाही म्हणून व्यायाम झाला नाही असं वाटून पोरं पन्नास उड्या मारतात. एकविसाव्या उडीपासून तुम्ही शरीराला सावकाश उडायला शिकवत असता. आमच्याकडे दोन मुलीही येतात, त्यांतली एक टाकते फास्ट. तिनं स्टोअर रूमच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली आहे. व्यायामाआधी उडी मारून बोटं कुठवर जातात ते बघायचं. रेघेपेक्षा चार बोटं खाली राहिली तर अंग थकलेलं आहे, त्या दिवशी उड्या आणि जोरात बॉलिंग बंद. यंत्र नाही, खर्च नाही, आणि मुलगे तिच्याकडून ते शिकले.

"जिम केली की अंग जड होतं, हात फिरत नाही" हे कट्ट्यावरचं लाडकं मत. रोज छाती-बायसेप फुगवलं आणि पळणं बंद केलं तर होतंच. पाच-सहा वेळांचे जड सेट आणि पुरेशी धाव असेल तर अंगावर मांस फार चढत नाही, मेंदू आणि स्नायू यांचं बोलणं सुधारतं. "वजन उचललं की उंची खुंटते" हे तर पूर्ण चूक. जाणकाराच्या नजरेखाली हलकी वजनं तेरा-चौदाच्या पोरालाही चालतात. आणि "कपिल देव कुठं जिमला जात होता?" हाही प्रश्न येतो. कपिल १३१ कसोटी खेळला आणि दुखापतीपायी एकही हुकली नाही, हे खरं. पण मोडून पडले ते आपल्याला माहीत नसतात, कारण ते मोडूनच पडले.

कंबरेतली तार

मी त्यांतलाच एक. सतराव्या वर्षी एका रविवारी तीन-तीन मॅच खेळायचो, आठवड्यात कॉलेजच्या नेटमध्ये टाकायचो. डाव्या बाजूला कंबरेत खाली दुखायला लागलं. एकानं मलम दिलं, दुसऱ्यानं "झटका बसलाय" म्हणून चोळून दिलं, एका ठिकाणी एक्स-रे काढून "काही नाही, खेळ" सांगितलं. पुढचा मोसम संपता संपता वाकून बूट बांधता येईना. एमआरआयमध्ये दिसलं की मणक्याच्या मागच्या कमानीला चीर गेली आहे.

याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. एका दणक्यानं हाड मोडत नाही. तार वाकवत राहिली की तुटते, तसं. बॉलर चेंडू टाकताना मागं झुकतो, बाजूला वाकतो आणि पिळतो, तिन्ही एकदम, आणि त्याच क्षणी जमिनीचा तो सहापट दणका वर येतो. उजव्या हाताच्या बॉलरला तो डाव्या बाजूला, कंबरेच्या शेवटच्या दोन-तीन मणक्यांत बसतो. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज स्वतःला भरून काढतं. भरून काढायला वेळ दिला नाही की चीर. शिवाय कंबरेची ही हाडं विशीच्या पुढंपर्यंत पक्की होत राहतात. म्हणून चौदा ते बावीस या वयातल्या, भरभर उंच होणाऱ्या पोरांना धोका सगळ्यात जास्त. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर डेनिस लिली याला १९७३ साली हेच झालं होतं, तो परत आला आणि पुढं चेन्नईत वेगवान गोलंदाज घडवायला बसला. बुमराला २०१९ साली झालं, २०२३च्या मार्चमध्ये पाठीची शस्त्रक्रियाही करावी लागली.

खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला अशी मिश्र ॲक्शन असेल तर पिळा वाढतो. ती चांगल्या कोचला दाखवून घ्यावी. आणि एक खूण लक्षात ठेवा: एका पायावर उभं राहून मागं झुकल्यावर कंबरेत एकाच बाजूला बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, तर मलम नाही, चोळणं नाही, दुसऱ्या दिवशी बॉलिंग तर नाहीच. हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. लवकर सापडली तर काही महिन्यांत भरते.

पाऊस आणि वही

आपल्या भागात जूनला पाऊस धरला की खानापूर-जांबोटीकडे आभाळ फाटतं, शहरातली मैदानं सप्टेंबरपर्यंत चिखल. पोरं म्हणतात चार महिने फुकट गेले. मला वाटतं देवानं बॉलरसाठीच आखलेलं वेळापत्रक आहे. जून-जुलै पद्धत आणि टाकी, ऑगस्ट-सप्टेंबर जड सेट आणि हळूहळू उड्या. गणपतीच्या आरत्यांपायी एक आठवडा बुडतो, बुडू दे. पण सप्टेंबरच्या सुरुवातीपासूनच छपराखाली, भिंतीवर, आखूड रनअपनं का होईना, आठवड्यातून दोनदा चार-पाच ओव्हर टाकायला लागायचं.

कारण सगळ्यात जास्त बॉलर मोडतात ते दिवाळीनंतर. चार महिने शून्य बॉलिंग, मग भात कापून रिकाम्या झालेल्या शेतांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात आणि एका आठवड्यात शून्यावरून दोनशे चेंडू. हाडाला आकडा किती यापेक्षा तो किती झपाट्यानं वाढला याचा त्रास जास्त होतो. मागच्या महिन्याची आठवड्याची सरासरी १०० चेंडू असेल तर या आठवड्यात ११०-१२०, दोनशे नाही. इंग्लंडचं क्रिकेट मंडळ तेरा वर्षांपर्यंतच्या पोराला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका टोकानं सलग, ५ आणि दिवसात १० ओव्हर, अशा मर्यादा घालत आलंय. आमच्याकडे बारा वर्षांचा पोरगा "चांगला टाकतो" म्हणून सलग दहा टाकतो आणि बाप बाऊंड्रीवरून टाळ्या वाजवतो.

मोसम सुरू झाला की वजनं सोडायची नाहीत. आठवड्यातून एकदा, कमी सेट, पण जड. मॅचच्या आदल्या दिवशी नको. खुराकाचं फार अवघड करू नका. वाढत्या, व्यायाम करणाऱ्या पोराला किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोला नव्वद ग्रॅम. लिटरभर दुधातून तीसेक, तीन अंड्यांतून अठरा, बाकी डाळ, उसळ, मटण-चिकन असेल त्या दिवशी ते. नाचणीत कॅल्शियम भरपूर, आंबील पीत जा. डब्यातली महागडी पावडर नंतर बघू. रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि सकाळी पावडर, असा प्रकार मी पाहतो.

पोरांचा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा हा असतो: टेनिस बॉलचे चेंडूही मोजायचे का, तो तर हलका. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास, साधा टेनिस बॉल साठच्याही आत. हाताला फरक पडतो. पण तुमचा पाय जमिनीवर आदळतो तो तुमच्या वजनानं, चेंडूच्या नाही. म्हणून मोजायचे. नेटमधले मोजायचे, मॅचआधी वॉर्मअपला जोरात टाकलेले मोजायचे, दुसऱ्या गावच्या टीमनं दोनशे रुपये देऊन नेलं आणि घरी न सांगता टाकलेले तर आधी मोजायचे. शंभर पानी वही, रोजचा एक आकडा, आणि शेजारी कंबर कशी आहे ते एका शब्दात.